हरणाऱ्या कॉलेज फुटबॉल संघाला नामांकित प्रशिक्षक मिळू शकतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील एका सरकारी विद्यापीठात शिकते, तिथल्या फुटबॉल संघाने सरलेल्या हंगामात बारापैकी दोनच सामने जिंकले, हंगाम संपता संपता मुख्य प्रशिक्षकाला नारळ देण्यात आला, आणि आता माजी विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये देशभर गाजलेल्या प्रशिक्षकांची नावे घेतली जात आहेत. एवढा नावाजलेला माणूस अशा संघाकडे खरोखर येईल, की ही सारी मनोराज्ये आहेत, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात अनेक वर्षे करार आणि अंदाजपत्रकाचे काम पाहिले आहे, त्यामुळे अशा नेमणुका मला मैदानापेक्षा टेबलाच्या बाजूने अधिक परिचित आहेत. भारतातील वाचकांसाठी एवढेच सांगतो की येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि तो विद्यापीठांच्या पातळीवर खेळला जात असला तरी हौशी मुळीच नाही. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल किंवा कुलगुरू नसून सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो.

माझे उत्तर ‘येऊ शकतो’ असे आहे. नुसते पराभवांचे आकडे पाहून चांगला प्रशिक्षक माघार घेत नाही, कारण जिंकणाऱ्या संघाची खुर्ची मुळात क्वचितच रिकामी होते आणि रिकाम्या खुर्च्या बहुतेक हरणाऱ्या संघांच्याच असतात, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. त्याला तपासायचे असते ते वेगळेच: ज्या कारणांमुळे संघ हरत होता, ती कारणे अजून त्याच इमारतीत ठाण मांडून बसली आहेत का? ती बसली असतील, तर कितीही पगार देऊ केला तरी जाणता माणूस येत नाही. आलाच तर तो पगारासाठी आलेला असतो. ती दूर झाली असतील, किंवा दूर करण्याची तयारी कागदावर लिहून दिली जात असेल, तर देशातला सर्वांत बदनाम संघसुद्धा उत्तम प्रशिक्षक मिळवू शकतो.

याचे अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण इंडियाना विद्यापीठाचे आहे. ब्लूमिंग्टनमधील हे विद्यापीठ बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध; फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत मात्र इतिहासातील सर्वाधिक पराभव त्याच्या नावावर होते. बिग टेन या आपल्या परिषदेचे (म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे) विजेतेपद त्यांनी १९६७ नंतर मिळवलेले नव्हते. २०२३ च्या हंगामात तीन विजय आणि नऊ पराभव झाल्यावर विद्यापीठाने टॉम ॲलन यांना करार संपण्यापूर्वीच मोकळे केले आणि त्यासाठी तडजोडीअंती त्यांना १ कोटी ५५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी यांना आणण्यात आले. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते, आणि फुटबॉलच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते.

पण त्यांची वाटचाल ज्यांनी नीट वाचली असेल, त्यांना हा माणूस कोण आहे हे कळायला हवे होते. २००७ ते २०१० या काळात ते अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली होते आणि खेळाडू निवडण्याचे काम पाहत होते. तिथून त्यांनी चांगल्या पगाराची नोकरी सोडून दुसऱ्या श्रेणीतील इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया या छोट्या संस्थेचे मुख्य प्रशिक्षकपद घेतले (नावात साम्य असले तरी ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठाशी तिचा काही संबंध नाही). नंतर ते ईलॉनला गेले. आदल्या वर्षी दोन सामने जिंकलेल्या त्या संघाने त्यांच्या पहिल्याच हंगामात आठ जिंकले. मग जेम्स मॅडिसन. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा एकही हंगाम पराभवांच्या बाजूने झुकलेला नव्हता. ब्लूमिंग्टनला आल्यावर खेळाडूंना आपली योजना कशी पटवून देता, असे पत्रकारांनी विचारले, तेव्हा ‘मी जिंकतो, गूगल करून पाहा’ असे उत्तर त्यांनी दिले. ते उद्धटपणाचे वाटले तरी वस्तुस्थितीला धरून होते.

आता प्रश्न असा की असा माणूस इंडियानाला का आला? जेम्स मॅडिसनमध्ये त्या वर्षी त्यांच्या संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले होते, पण त्या पातळीवरून राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंतचा रस्ता जवळजवळ बंद असतो. इंडियाना हरत होते, मात्र बिग टेनमध्ये राहून हरत होते, आणि बिग टेनचा २०२३ पासूनचा सात वर्षांचा दूरचित्रवाणी करार ७ अब्ज डॉलरहून मोठा आहे. त्यातला वाटा सभासद विद्यापीठाला मिळतो. मैदानावर मार खाल्ला म्हणून तो थांबत नाही. म्हणजे पैसा होता, मोठे प्रतिस्पर्धी होते, प्रसिद्धीची सोय होती, आणि अपेक्षा मात्र कोणाच्याच नव्हत्या. अशी जागा हुशार प्रशिक्षक हेरून ठेवतात.

दुसरे कारण खेळाडूंच्या बदलीचे नियम. पूर्वी नव्या प्रशिक्षकाला शाळांतून मुले निवडून, त्यांना तीन-चार वर्षे घडवून संघ उभा करावा लागे. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आले; २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, पुढे २०२४ मध्ये तीही मर्यादा गेली. सिग्नेटी यांच्याबरोबर जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आणि दोन्ही प्रमुख सहाय्यक ब्लूमिंग्टनला आले. २०२४ मध्ये संघाने अकरा सामने जिंकले आणि फक्त दोन हरले. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाहून आलेला फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराचा, मानकरी ठरला, ओहायो स्टेटला १३-१० ने हरवून बिग टेन जिंकले गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीचा २७-२१ असा पराभव करून इंडियानाने सोळापैकी सोळा विजयांसह राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. दोन वर्षांपूर्वी हे कोणी लिहिले असते तर वेड्यात काढले असते.

या कथेचा जो भाग माजी विद्यार्थ्यांच्या गटांत चर्चिला जात नाही, तो करारांचा आहे. सुरुवातीला सिग्नेटी यांचा पगार वर्षाला ४० लाख डॉलरच्या थोडा वर होता. पहिल्याच हंगामात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विद्यापीठाने तो करार फाडून आठ वर्षांचा, एकूण ७ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढले आणि सिग्नेटी यांचे नाव तिकडे घेतले जाऊ लागले. चार दिवसांच्या आत इंडियानाने पुन्हा नवा करार जाहीर केला, या वेळी वर्षाला सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरचा. चांगला प्रशिक्षक मिळवणे हे अर्धेच काम असते. त्याचे नाव दुसऱ्या विद्यापीठाशी जोडले जाऊ लागल्यावर किती तासांत निर्णय घेता येतो, यावर उरलेले अर्धे ठरते. आणि हा वेग ज्या विद्यापीठांत नसतो, ती इतरांसाठी प्रशिक्षक घडवत बसतात.

आपल्या मुलीच्या विद्यापीठातील मंडळी ज्या प्रकारची नावे घेत आहेत, तिथे मला खरी अडचण दिसते. ‘नामांकित’ या शब्दाने बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधीच मोठे काही जिंकून बसलेला माणूस उभा राहतो. कॅन्सस विद्यापीठाने हा प्रयोग दोनदा केला. २०११ च्या अखेरीस त्यांनी चार्ली वाइस यांना आणले; नोत्र दाम विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक, न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाबरोबर सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकलेले. त्यांच्या काळात सहा विजय आणि बावीस पराभव झाले. २०१८ च्या अखेरीस लेस माइल्स आले, ज्यांनी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) २००७ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. त्यांच्या दोन हंगामांत तीन विजय, अठरा पराभव. २०१० ते २०२० या अकरा वर्षांत कॅन्ससने एकाही हंगामात तीनपेक्षा अधिक सामने जिंकले नाहीत. नावाला भुलण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

मग एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे नेमणुकांचा नेहमीचा काळ कधीच उलटून गेल्यावर, कॅन्ससने बफलो विद्यापीठातून लान्स लायपोल्ड यांना घेतले. सर्वसाधारण प्रेक्षकाला हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पण विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या तिसऱ्या श्रेणीतील संघाबरोबर त्यांनी सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली होती, १०९ विजय आणि फक्त ६ पराभव अशी त्यांची तिथली नोंद होती, आणि शिष्यवृत्ती नसलेल्या त्या श्रेणीत हे सारे खेळाडूंना घडवूनच करावे लागते. पहिल्या वर्षी कॅन्ससने दोनच सामने जिंकले, मात्र त्यातला एक ऑस्टिनमध्ये जाऊन टेक्ससला ५७-५६ असा हरवलेला होता. २०२३ मध्ये नऊ सामने जिंकले. पुढची दोन वर्षे पुन्हा पाच विजय, सात पराभव अशी गेली, हेही सांगायला हवे. लायपोल्ड यांनी कॅन्ससला अजिंक्य केले नाही, त्यांनी त्याला पुन्हा एक खराखुरा संघ केले, आणि तिथली परिस्थिती पाहता हे लहान काम नाही.

हरणाऱ्या संघाला मिळू शकणारा उत्तम प्रशिक्षक म्हणूनच बहुधा खालच्या पातळीवर सातत्याने जिंकत आलेला असतो आणि वर येण्याची वाट पाहत असतो. जिम हार्बो २००६ च्या अखेरीस स्टॅनफर्डला आले, तेव्हा ते सॅन दिएगो विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती नसलेल्या संघाचे प्रशिक्षक होते आणि स्टॅनफर्डने त्या वर्षी बारापैकी एकच सामना जिंकला होता. चार वर्षांनी त्याच स्टॅनफर्डने बारा सामने जिंकून एकच गमावला. मोठ्या संघात आक्रमणाची किंवा बचावाची आखणी करणारा कोऑर्डिनेटर हा दुसरा पर्याय, पण त्यात जोखीम अधिक, कारण त्याने स्वतः संपूर्ण घर चालवलेले नसते. याला मोठा अपवाद बिल स्नायडर यांचा. कॅन्सस स्टेटने १९८८ च्या अखेरीस त्यांना आयोवाच्या आक्रमणाच्या कोऑर्डिनेटरपदावरून आणले; पाचशे पराभव गाठणारा पहिला संघ आणि सत्तावीस सामने विजयाविना, अशी तेव्हा त्या संघाची ख्याती होती.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काय चालते ते सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. निवडीची पहिली गंभीर भेट विद्यापीठात होत नाही. ती एखाद्या विमानतळाजवळच्या हॉटेलात, बैठकीच्या छोट्या खोलीत होते. क्रीडा संचालक, कुलगुरूंचा एक विश्वासू माणूस, उमेदवार आणि त्याचा एजंट, कधी बोलावले तर माझ्यासारखा आकडे सांगणारा. समोर दोन पानांचे टर्म शीट, म्हणजे कराराच्या मुख्य अटींचा मसुदा, असते. पगाराच्या ओळीवर आश्चर्य वाटावे इतका कमी वेळ जातो, कारण तो आकडा एजंटने आधीच फोनवर पक्का केलेला असतो. वेळ जातो तो सहाय्यक प्रशिक्षकांच्या एकूण पगाराच्या तरतुदीवर, व्यायाम आणि आहार पाहणाऱ्या माणसांच्या संख्येवर, खेळाडूंना वाटण्याच्या रकमेवर, आणि दोन्ही बाजूंनी करार मोडल्यास कोण कोणाला किती देणार यावर. अशा एका भेटीत उमेदवाराने विचारलेला पहिला प्रश्न माझ्या कायम लक्षात राहिला: आधीच्या प्रशिक्षकाने तुमच्याकडे शेवटची मागणी कोणती केली होती, आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलेत? खोलीत कोणाला चटकन बोलता आले नाही, आणि त्या शांततेतच त्याला बरेच काही समजले असावे. ती नेमणूक झाली नाही.

बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटणारी आणखी एक बाब म्हणजे प्रवेश विभाग. पोर्टलमधून आलेल्या खेळाडूचे आधीच्या विद्यापीठातील श्रेयांक नव्या ठिकाणी किती मान्य होतात, आणि तो निर्णय किती दिवसांत मिळतो, यावर आज अर्धा संघ उभा राहतो किंवा कोसळतो. बदलीची मुदत २०२६ पासून जानेवारीच्या २ ते १६ या पंधरवड्यावर आली आहे. त्यात नाताळच्या सुट्टीवर गेलेले प्रवेश कार्यालय उघडेपर्यंत चांगला खेळाडू दुसरीकडे सही करून मोकळा होतो. जाणकार उमेदवार याविषयी थेट कुलसचिवांशी बोलण्याची इच्छा व्यक्त करतात, आणि कुलगुरू तशी भेट घडवून आणतात की टाळतात, यावरूनही अंदाज बांधतात.

पैशाचा हिशेबही २०२५ मध्ये मुळापासून बदलला. त्या वर्षी ६ जून रोजी न्यायालयाने हाऊस खटल्यातील (खेळाडूंनी कॉलेज क्रीडा संघटनेविरुद्ध लढलेल्या) तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मोठ्या परिषदांमधील संघ त्यातील सिंहाचा वाटा फुटबॉलला देतात. तेव्हा आज उमेदवार प्रथम विचारतो की तुम्ही ही मर्यादा पूर्ण वापरणार आहात का, आणि त्यातले फुटबॉलच्या वाट्याला किती येणार. त्याच्या स्वतःच्या पगारात पाच-दहा लाख कमी-जास्त झाले तर चालते. या उत्तरात संदिग्धता चालत नाही.

मागण्यांचा हा खेळ उघडपणे पाहायला मिळाला तो २०१९ मध्ये रटगर्सला. संघाने त्या वर्षी दहा सामने गमावले होते. ग्रेग शियानो यांनी पूर्वी २००१ ते २०११ या काळात याच संघाला मोडकळीतून वर काढलेले होते, त्यामुळे त्यांना परत आणावे अशी सगळ्यांची इच्छा होती. नोव्हेंबरमध्ये सुविधांवरून आणि करारातील अटींवरून बोलणी फिसकटली. समर्थकांचा एवढा संताप उसळला की आठवड्याभरात ती पुन्हा सुरू झाली, आणि आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. शिवाय सहाय्यकांच्या पगारासाठी वर्षाला ७७ लाख डॉलरची तरतूद. फळ माफक मिळाले. २०२३ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी सात विजय, २०२५ मध्ये पाच. पण शियानो यांची मागणी चुकीची होती असे त्यावरून म्हणता येणार नाही. ती मान्य झाली नसती तर काय झाले असते, याची कल्पना आधीच्या चार वर्षांवरून करता येते.

व्हर्जिनिया टेकने हाच क्रम उलटा, आणि माझ्या मते योग्य तऱ्हेने लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिले तिन्ही सामने हरल्यावर त्यांनी ब्रेंट प्राय यांना काढले, आणि नवा माणूस शोधण्याआधी त्यांच्या नियामक मंडळाने क्रीडा विभागासाठी चार वर्षांत २२ कोटी ९० लाख डॉलरची वाढीव तरतूद मंजूर केली. नोव्हेंबरमध्ये जेम्स फ्रँकलिन तिथे रुजू झाले. ज्यांनी पेन स्टेटमध्ये शंभरहून अधिक सामने जिंकले आणि त्याआधी व्हँडरबिल्टसारख्या कायम तळाशी असलेल्या संघाला दोनदा नऊ विजय मिळवून दिले, असा माणूस तीन विजय आणि नऊ पराभवांनी हंगाम संपवणाऱ्या संघाकडे आला. त्याला योगायोगाचीही साथ होती हे खरे. पेन स्टेटने काढले नसते तर ते मोकळे झालेच नसते. त्यांना काढल्याबद्दल पेन स्टेट सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर देणे लागत होते. नवी नोकरी लागल्यास ही रक्कम कमी होण्याची अट असल्यामुळे शेवटी प्रकरण ९० लाखांवर मिटले. नुकतेच काढलेले मोठे नाव परवडण्याजोगे कसे होते, ते या उदाहरणावरून समजते, आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीतील एखादे नाव खरे ठरायचेच असेल तर ते बहुधा याच वाटेने ठरेल.

कोलोरॅडोचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण आपल्या मंडळींच्या मनात बहुधा तोच नमुना असावा. २०२२ मध्ये बारापैकी एकच सामना जिंकलेल्या या संघाने जॅक्सन स्टेटमधून डिऑन सँडर्स या गाजलेल्या माजी व्यावसायिक खेळाडूला आणले. पाच वर्षांचा, २ कोटी ९५ लाख डॉलरचा करार केला, तेव्हा एवढे पैसे अजून हाती नाहीत, पण ते येतील, असे क्रीडा संचालक रिक जॉर्ज यांनी स्वतःच सांगून टाकले. पैसे आले, तिकिटे संपली, विद्यापीठाचे बोल्डर गाव दर शनिवारी दूरचित्रवाणीवर दिसू लागले. विजयांचा आलेख मात्र चार, मग नऊ, मग तीन असा गेला. नऊ विजयांच्या वर्षी संघात ट्रॅव्हिस हंटर होता, ज्याला त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी मिळाली, आणि सँडर्स यांचा मुलगा शेडूर क्वार्टरबॅक होता. ते दोघे गेल्यावर काय उरले हे २०२५ ने दाखवले. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२४ मध्ये सहा सुपर बोल जिंकलेल्या बिल बेलिचिक यांना आणले आणि पहिल्या हंगामात चारच सामने जिंकले. प्रसिद्धी विकत मिळते आणि तिचा उपयोगही असतो, विशेषतः देणगीदारांना जागे करण्यासाठी. पण तिला पाया समजून वर मजले चढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

धीराबद्दल थोडे सांगतो. स्नायडर यांचा पहिला हंगाम एक विजय आणि दहा पराभवांचा होता, आणि १९९८ मध्ये त्याच कॅन्सस स्टेटने देशात पहिला क्रमांक गाठला. व्हँडरबिल्टने आपलाच माजी खेळाडू क्लार्क ली याला तिसऱ्या वर्षी पुन्हा दहा पराभव झाल्यावरही ठेवले. त्याने न्यू मेक्सिको स्टेटमधून डिएगो पाविया हा क्वार्टरबॅक आणि तिथली अनुभवी माणसे आणली, ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवले, आणि २०२५ मध्ये विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच दहा सामने जिंकले. इंडियानाच्या यशानंतर मात्र प्रत्येक कुलगुरूला वाटू लागले आहे की हे दोन वर्षांत व्हायलाच हवे, आणि उमेदवारांनाही हे ठाऊक आहे. त्यामुळे आज ते पूर्वीपेक्षा जास्त वर्षांची हमी मागतात आणि काढल्यास मिळणारी रक्कम वाढवून घेतात. घाई करणाऱ्या विद्यापीठाला ती घाई करारातच महाग पडते.

काही विद्यापीठांसाठी माझे उत्तर वेगळे आहे. ज्यांची परिषद लहान, दूरचित्रवाणीचे उत्पन्न तुटपुंजे, त्यांना उत्तम प्रशिक्षक मिळतो, पण राहत नाही. बोलिंग ग्रीनने २००१ मध्ये अर्बन मायर यांना मुख्य प्रशिक्षकपदाची पहिली संधी दिली. आदल्या वर्षी दोन सामने जिंकलेल्या त्या संघाने आठ जिंकले, पुढच्या वर्षी नऊ, आणि मायर यूटाला निघून गेले. अशा ठिकाणी प्रशिक्षक जाणार हे गृहीत धरूनच करार करावा, त्याने मुदतीआधी सोडल्यास त्याच्या नव्या मालकाकडून येणारी रक्कम भरघोस ठेवावी, आणि ती पुढच्या माणसाच्या सहाय्यकांवर खर्च करावी.

शिवाय वर्तमानपत्रांत येणाऱ्या नावांपैकी काही नावे केवळ पगारवाढीसाठी फिरवली जातात, हेही लक्षात असू द्यावे. डिसेंबर २००६ मध्ये रिच रॉड्रिग्ज अलाबामाला जाणार असे जवळपास ठरले असताना ते वेस्ट व्हर्जिनियातच राहिले आणि नवा करार घेऊन बसले. (अलाबामाला मग निक सेबन मिळाले, तेव्हा त्यांचे काही बिघडले नाही, सगळ्यांचे नशीब तसे नसते.) एजंटच्या दृष्टीने हरणाऱ्या संघाची रिकामी खुर्ची ही आपल्या अशिलाचा सध्याचा मालक हलवण्याचे सोयीचे साधन असते. नाव वारंवार बातम्यांत येते आणि भेटीची तारीख मात्र ठरत नाही, असे दिसले तर तसेच चालले आहे असे समजावे.

आता आपल्या मुलीच्या विद्यापीठाविषयी. ते मोठ्या परिषदेत आहे, असे आपल्या वर्णनावरून दिसते, म्हणजे पहिली अट पुरी झालेली आहे. यापुढे नावांच्या यादीऐवजी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. नव्या प्रशिक्षकाची घोषणा होण्याआधी नियामक मंडळाची बैठक होते का आणि तीत क्रीडा विभागाच्या तरतुदीचा विषय असतो का, हे पाहावे. क्रीडा संचालक स्वतः नवा आहे की आधीच्या अपयशातला भागीदार, हेही महत्त्वाचे, कारण चांगला उमेदवार आपल्याला नेमणारा माणूस पुढच्या वर्षी असेल का याची खात्री करून घेतो. कॅन्ससने लायपोल्ड यांना नेमले ते नवा संचालक आल्यानंतर काही आठवड्यांतच. आणि करार झाल्यावर त्याची प्रत मिळवावी. सरकारी विद्यापीठांचे असे करार बहुतेक राज्यांत सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि लेखी अर्ज केल्यास मिळतात. बातम्यांत छापलेला पगाराचा आकडा तीत पहिल्या पानावर असेल. सहाय्यकांची एकूण तरतूद, सुविधांबाबतची वचने आणि मुदतपूर्व काढण्याच्या अटी मात्र मागच्या पानांवर आणि परिशिष्टांत असतात, तेव्हा अर्जात परिशिष्टांचीही स्पष्ट मागणी करावी.